डॉल्फिन वजा केला तर काय उरतं?

सोव्हिएत नौदलाने काळ्या समुद्रावरच्या सेवास्तोपोल बंदरात डॉल्फिनचं एक पथक बाळगलं होतं. पाण्याखालचे सुरुंग शोधणं, तळाशी गेलेले टॉर्पेडो हुडकणं, शत्रूच्या पाणबुड्यांचा सुगावा लावणं अशी कामं त्यांना शिकवलेली असत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि हे पथक युक्रेनच्या वाट्याला आलं. नव्या देशाच्या नौदलाला त्यांच्या रोजच्या मासळीचा खर्चही जड जाऊ लागला. मग यातल्या काही डॉल्फिनना वेगळ्या कामाला लावलं गेलं. स्वमग्न आणि इतर विकलांग मुलांसोबत ते पाण्यात उतरू लागले आणि त्याला ‘उपचार’ असं नाव मिळालं. २००० साली या केंद्रातले काही डॉल्फिन इराणला विकले गेले आणि किश बेटावरच्या पर्यटकांची करमणूक करू लागले.

सैनिक, उपचारक, कलाकार. इतक्या बदल्या झाल्या, तरी डॉल्फिनच्या बाजूने पाहिलं तर काम एकच होतं. खूण झाली की शिकवलेली गोष्ट करायची आणि मासा मिळवायचा. बदलत गेला तो त्यांच्याकडे पाहणाऱ्या माणसांचा समज. म्हणूनच फ्लोरिडापासून तुर्कस्तानपर्यंत आणि कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाव बेटापर्यंत पसरलेल्या डॉल्फिन-उपचारांबद्दल पहिला प्रश्न हा विचारायला हवा, की मुलांना जो फायदा होतो असं म्हणतात, त्यात डॉल्फिनचा वाटा किती?

कल्पना आली कुठून

डॉल्फिन हा माणसाचा शहाणा, प्रेमळ मित्र आहे ही आजची प्रतिमा मुख्यतः १९६०च्या दशकात घडली. अमेरिकी मेंदूवैज्ञानिक जॉन लिली यांनी डॉल्फिनशी भाषेतून संवाद साधता येईल, असा दावा करून खळबळ उडवून दिली. सेंट थॉमस बेटावरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत १९६५ साली मार्गारेट हाउ ही तरुणी पीटर नावाच्या डॉल्फिनला इंग्रजी शिकवण्यासाठी काही आठवडे त्याच्यासोबत पाणी भरलेल्या घरात राहिली होती. पीटर इंग्रजी शिकला नाही, पण या प्रयोगांमुळे डॉल्फिनभोवती एक गूढ वलय तयार झालं. त्याच सुमारास, १९६४ ते १९६७ या काळात, ‘फ्लिपर’ या दूरचित्रवाणी मालिकेने संकटात धावून येणारा हसरा डॉल्फिन घराघरांत पोहोचवला.

या वातावरणात फ्लोरिडातल्या मानववंशशास्त्रज्ञ बेट्सी स्मिथ यांनी १९७१ मध्ये एक गोष्ट पाहिली. त्यांचा बौद्धिक विकलांगता असलेला भाऊ दोन डॉल्फिनजवळ पाण्यात उतरला आणि एरवी दांडगाई करणारे ते डॉल्फिन त्याच्याशी सौम्यपणे वागले. त्यांना आपल्या भावाचं वेगळेपण कळलं असावं, असं स्मिथ यांना वाटलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्वमग्न मुलांसोबत या दिशेने काम सुरू केलं. जवळपास त्याच काळात डेव्हिड नॅथन्सन हे मानसशास्त्रज्ञही डॉल्फिन आणि विकलांग मुलं यांच्यावर प्रयोग करू लागले. पुढे फ्लोरिडातल्या की लार्गो इथे त्यांनी उभं केलेलं केंद्र जगभरच्या अशा केंद्रांचा नमुना ठरलं.

टाकीत नेमकं काय होतं

नॅथन्सन यांच्या पद्धतीमागचा तर्क साधा होता. गंभीर विकलांगता असलेल्या मुलांचं लक्ष एका गोष्टीवर टिकत नाही, म्हणून शिकणं अडतं. त्यांना अतिशय आवडेल असं बक्षीस समोर ठेवलं, तर ती लक्ष देतील. म्हणून मूल पाण्यातल्या तराफ्यावर बसायचं, उपचारक त्याला चित्र दाखवून नाव विचारायचा किंवा खुंटीवर कडी अडकवायला सांगायचा. जमलं की डॉल्फिनला हात लावायचा, त्याच्या पाठीवरचा पर धरून पोहायचं. मानसशास्त्रात ‘प्रबलन’ म्हणतात ती हीच पद्धत. हव्या त्या वर्तनानंतर लगेच बक्षीस दिलं की ते वर्तन वाढतं. वाचा-उपचार किंवा वर्तन-उपचार करणारे आपल्याकडचे उपचारकही हे तत्त्व रोज वापरतात, फक्त त्यांच्याकडे बक्षीस म्हणून खेळणं, फुगा किंवा आवडीचा खाऊ असतो.

म्हणजे त्या सत्रात डॉल्फिनखेरीज बरंच काही घडत असतं. प्रशिक्षित उपचारक एकाच मुलाकडे पूर्ण लक्ष देतो. कोमट पाण्यात शरीर हलकं होतं, ताठरलेले स्नायू सैलावतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना जलोपचाराने बरं वाटतं, हे त्यासाठी कुणी डॉल्फिन आणण्याच्या आधीपासून माहीत आहे. जागा नवी, अनुभव नवा. आई-वडील कामधंदा आणि इतर मुलांची धावपळ मागे ठेवून आलेले असतात, त्यामुळे घरचं तणावाचं वातावरण आठवडा-दोन आठवडे निवळलेलं असतं. अशा वेळी मुलाने पहिल्यांदा नजरेला नजर दिली, एखादा नवा शब्द उच्चारला, तर नवल नाही. तो शब्द खरा असतो आणि तो ऐकताना आईच्या डोळ्यांत आलेलं पाणीही खरं असतं. प्रश्न त्या शब्दाच्या कारणाचा आहे.

पुरावे काय सांगतात

कारण शोधायचं तर तुलना लागते. सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते आणि नाही घेतलं तर आठवड्यात, हा जुना विनोद विज्ञानाला नेमका लागू पडतो. औषधाचं श्रेय ठरवायचं तर औषध न घेतलेलाही कुणी हवा. डॉल्फिन-उपचारांच्या बहुतेक अभ्यासांत नेमका हाच ‘कुणी’ नव्हता, किंवा होता तरी तुलना बरोबरीची नव्हती.

लोरी मरिनो आणि स्कॉट लिलियनफेल्ड या दोन अमेरिकी वैज्ञानिकांनी हे अभ्यास बारकाईने तपासले. १९९८ मध्ये त्यांनी नॅथन्सन यांच्या निष्कर्षांची चिकित्सा प्रसिद्ध केली. पुढे २००७ मध्ये, मधल्या काळात आलेले आणखी पाच अभ्यास घेऊन, दुसरी चिकित्सा केली. दोन्ही वेळा निष्कर्ष तोच आला. अभ्यासांच्या रचनेत इतके दोष आहेत, की त्यांवरून डॉल्फिनमुळे टिकाऊ सुधारणा होते असं म्हणता येत नाही. फार तर मन तेवढ्यापुरतं उल्हसित होतं, एवढंच त्यांतून दिसतं.

यातले काही दोष समजायला सोपे आहेत. सुधारणा झाली की नाही हे अनेकदा आई-वडिलांनाच विचारलं जायचं. हजारो डॉलर खर्चून, कर्ज काढून, वर्गणी जमवून आलेल्या पालकांना काहीच बदल दिसला नाही असं वाटणं फार कठीण असतं. यात लबाडी नसते, आशा असते. शिवाय नुसत्या विश्वासानेच बरं वाटण्याचा, म्हणजे प्लासिबोचा, परिणाम टाळण्यासाठी औषधाच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी मिळाली की खोटी, हे कळू देत नाहीत. आपण डॉल्फिनसोबत पोहतो आहोत की नाही हे कुणापासून लपवणार? आणि मुलं आपोआपही वाढत, शिकत असतात. त्या नैसर्गिक वाढीचं मापही बाजूला काढायला हवं.

डॉल्फिन-उपचारांच्या बाजूने सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या ३० जणांना होंडुरासला नेलं होतं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एक गट दोन आठवडे डॉल्फिनसोबत पोहला, दुसरा त्याच समुद्रात डॉल्फिनशिवाय पोहला आणि प्रवाळ पाहत राहिला. डॉल्फिनवाल्या गटाचं नैराश्य जास्त कमी झालं. यादृच्छिक गट आणि नियंत्रण गट असलेला हा अभ्यास आधीच्यांपेक्षा नक्कीच बरा होता. पण माणसं मोजकी, काळ दोन आठवड्यांचा आणि आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येकाला ठाऊक. एका मोठ्या, देखण्या, खेळकर प्राण्यासोबत पंधरा दिवस घालवल्यावर माणसाची मरगळ कमी होते, हे मान्य करायला हरकत नाही. मात्र त्यावरून स्वमग्नता किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलासाठी हा उपचार आहे असं सांगणं म्हणजे फार लांबची उडी आहे. स्वमग्नता आणि डाउन सिंड्रोम या बऱ्या व्हायच्या व्याधी नाहीतच. तिथे मदतीचा अर्थ वर्षानुवर्षं चालणारं शिकणं-शिकवणं असा होतो.

ध्वनिलहरींचा दावा

मग डॉल्फिनमध्येच काही विशेष शक्ती असते, असं सांगितलं जाऊ लागलं. डॉल्फिन अतिउच्च कंप्रतेचे ध्वनी सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून पाण्यातल्या वस्तूंचा वेध घेतो. रुग्णालयातही अल्ट्रासाउंड वापरतात. या दोन गोष्टी जोडून असा दावा झाला, की डॉल्फिनच्या ध्वनिलहरी माणसाच्या पेशींवर, मेंदूच्या लहरींवर परिणाम करतात आणि व्याधी बरी होते. ऐकायला हे वैज्ञानिक वाटतं, पण तपासता येण्याजोगंही आहे.

जर्मन संशोधक कार्स्टन ब्रेन्सिंग आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं. माणसांसोबत पोहणाऱ्या डॉल्फिनचं त्यांनी निरीक्षण केलं आणि वैद्यकीय अल्ट्रासाउंडमध्ये परिणामासाठी किती तीव्रता, किती वेळ आणि किती वेळा पुनरावृत्ती लागते याच्याशी तुलना केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार डॉल्फिन रुग्णांकडे पुरेसा वेळ आणि पुरेशा वेळा वळतच नव्हते. शिवाय मुलाच्या शरीरात कुठे काय बिघडलं आहे हे डॉल्फिनला कळतं आणि तो मुद्दाम तिथे ध्वनी सोडतो, याला कसलाच आधार नाही.

या साऱ्या कथेतला सर्वांत बोलका प्रयोग मात्र खुद्द नॅथन्सन यांनीच केला. खऱ्या डॉल्फिनसारखा दिसणारा आणि हालचाल करणारा एक यांत्रिक डॉल्फिन तयार करून त्यांनी गंभीर विकलांगता असलेल्या मुलांचा दोघांना मिळणारा प्रतिसाद मोजला. २००७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यांत्रिक डॉल्फिनचा फायदा खऱ्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच होतो. यंत्राला भूक नाही, कंटाळा नाही, आजारपण नाही. त्यांनी हा निष्कर्ष यंत्राच्या बाजूने मांडला. पण तो स्वीकारला तर पुढचं अनुमान टाळता येत नाही. यंत्राने तेवढंच काम होत असेल, तर जिवंत डॉल्फिनमध्ये उपचाराचा कोणताही खास गुण नाही.

टाकीच्या दुसऱ्या बाजूला

आता डॉल्फिनकडे पाहू. सगळ्यात आधी त्याचं हसू. डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच अशी वर वळलेली असते. आपल्यासारखे भाव दाखवणारे चेहऱ्याचे स्नायू त्याला नाहीत. तो दुखण्याने बेजार असला तरी हसराच दिसतो. उपचार-केंद्रांच्या जाहिरातींचा अर्धा डोलारा या एका शारीरिक योगायोगावर उभा आहे.

बॉटलनोज डॉल्फिन समुद्रात दिवसाकाठी कित्येक किलोमीटर फिरतो, खोल सूर मारतो, कळपाने मासे घेरतो. त्यांच्यातली मैत्री आणि भांडणं वर्षानुवर्षं टिकतात. प्रत्येकाची स्वतःची ओळख सांगणारी शिट्टी असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार आपल्या शिट्टीची नक्कल ऐकली की डॉल्फिन प्रतिसाद देतो, आपण नावाने हाक मारल्यावर देतो तसा. २००१ मध्ये डायना रीस आणि लोरी मरिनो यांनी न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या दोन डॉल्फिनच्या अंगावर खुणा काढल्या. ते आरशासमोर जाऊन, अंग वळवून त्या खुणा न्याहाळू लागले. आरशातला प्राणी आपणच आहोत हे ओळखणं फार थोड्या प्राण्यांना जमतं. यातल्या मरिनो म्हणजे उपचारांच्या पुराव्यांची चिकित्सा करणाऱ्याच. त्यांनी नंतर बंदिस्त डॉल्फिनवर संशोधन करणं सोडून दिलं.

अशा प्राण्याला टाकीत ठेवलं की काय होतं? ध्वनीने जग पाहणाऱ्याला चारी बाजूंनी सपाट भिंतीच मिळतात. कळप माणसाने जुळवलेला असतो. समुद्रात मार खाणारा डॉल्फिन पळून जातो, टाकीत पळायला जागाच नसते. उपचाराच्या सत्रात त्याला अनोळखी माणसांचे स्पर्श सहन करावे लागतात, तेही दिवसातून अनेकदा. तो कधी बिथरतो, धडक देतो, चावतो. दोनशे किलोच्या आसपास वजनाच्या प्राण्याची धडक ही नीट पोहता न येणाऱ्या मुलासाठी लहान गोष्ट नव्हे.

आणि तो येतो कुठून? काही बंदिवासातच जन्मलेले असतात, काही समुद्रातून पकडून आणलेले. जपानमधल्या ताइजी इथे नौकांनी डॉल्फिनचे कळप खाडीत हाकून आणतात. त्यातले देखणे, तरुण डॉल्फिन मत्स्यालयांसाठी निवडतात आणि बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना मांसासाठी मारतात. मांसाच्या भावापेक्षा प्रशिक्षित डॉल्फिनची किंमत कित्येक पट असते, त्यामुळे या शिकारीचा आर्थिक कणा मत्स्यालयांच्या मागणीतच आहे. ‘द कोव्ह’ या माहितीपटाने हे जगासमोर आणलं आणि २०१० मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्यात दिसणारे रिक ओ’बॅरी हे एके काळी ‘फ्लिपर’मधल्या डॉल्फिनचे प्रशिक्षक होते. १९७० मध्ये त्यातली कॅथी नावाची मादी मेली आणि त्यानंतरचं आयुष्य त्यांनी डॉल्फिनच्या बंदिवासाविरुद्ध घालवलं.

मत्स्यालयांची बाजूही ऐकायला हवी. अमेरिकेतल्या चांगल्या मत्स्यालयांमध्ये बॉटलनोज डॉल्फिनचं आयुर्मान आता समुद्रातल्या डॉल्फिनच्या बरोबरीला आलं आहे, असं २०१९च्या एका अभ्यासात दिसलं. डॉल्फिनबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं टाकीतल्या डॉल्फिनकडूनच कळलं, हेही खरं. वरचा आरशाचा प्रयोग समुद्रात झाला नसता. पण शार्क नाहीत, जाळी नाहीत, पशुवैद्य हाताशी आहे, रोजचा मासा ठरलेला आहे, आणि एवढं असूनही आयुष्य फक्त बरोबरीचंच भरतं, याचाही विचार व्हायला हवा. शिवाय किती जगला आणि कसा जगला हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

भारताने घेतलेली भूमिका

आपल्याकडे १९९८ मध्ये चेन्नईजवळ एका उद्यानात डॉल्फिन आणले गेले होते. काही महिन्यांतच ते मेले. त्यानंतरही मुंबई, कोची, दिल्ली परिसर अशा ठिकाणी डॉल्फिनेरियमचे प्रस्ताव येत राहिले. १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून राज्यांना कळवलं, की अशा प्रस्तावांना परवानगी देऊ नये. भारताने डॉल्फिनला ‘मानवेतर व्यक्ती’चा दर्जा दिला अशा बातम्या तेव्हा जगभर छापून आल्या. प्रत्यक्षात परिपत्रकाने एवढंच म्हटलं होतं, की डॉल्फिनच्या बुद्धिमत्तेमुळे त्यांना मानवेतर व्यक्ती मानावं आणि त्यांचे हक्क असावेत असं काही वैज्ञानिक सुचवतात, आणि करमणुकीसाठी त्यांना कोंडणं नैतिकदृष्ट्या अस्वीकार्य आहे. हक्क बहाल झाले नव्हते, तरी दार बंद झालं होतं. पुढे कॅनडाने २०१९ मध्ये, तर फ्रान्सने २०२१ मध्ये बंदिवासाविरुद्ध कायदे केले.

मात्र देशात बंदी असली, तरी बाहेरचा बाजार मराठी कुटुंबांपासून लांब नाही. दुबईच्या सहलीत क्रीक पार्कमधल्या डॉल्फिनेरियमचं तिकीट सहज निघतं, आणि स्वमग्न मुलाच्या पालकांना परदेशातल्या उपचार-केंद्रांचे व्हिडिओ कुणी ना कुणी पाठवतंच. दुसरीकडे आपल्याच किनाऱ्यावर, दापोलीपासून तारकर्लीपर्यंत आणि पुढे गोव्यात, कुबड असलेले डॉल्फिन मोकळे फिरतात. ही प्रजाती जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. त्यांना पाहायला जायला हरकत नाही. फक्त ‘अजून जवळ घ्या’ असा तगादा नाववाल्याकडे लावू नये, कारण पाठलागाने त्यांची शिकार आणि विश्रांती दोन्ही मोडते.

पालकांनी काय करावं

ज्यांनी ही वाट दाखवली त्या बेट्सी स्मिथ यांनीच पुढे ती सोडली. मुलांमध्ये दिसणारा बदल डॉल्फिनविनाही घडवता येतो, अशा मतावर त्या आल्या. या उपचारांत दुर्बळ माणसं आणि दुर्बळ डॉल्फिन या दोघांचाही गैरफायदा घेतला जातो, असं त्यांनी स्पष्टपणे मांडलं. संस्थापकच विरोधक झाल्यावर बाजार मात्र थांबला नाही, कारण तो पुराव्यावर नव्हे तर पालकांच्या अगतिकतेवर चालतो.

त्या अगतिकतेला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. आपलं मूल एकदा तरी ‘आई’ म्हणेल या आशेवर माणूस समुद्र ओलांडतो. म्हणूनच अशा केंद्राला पैसे भरण्याआधी त्याला एक प्रश्न विचारावा: तुमच्या सत्रातून डॉल्फिन वजा केला तर काय उरतं? मुलाकडे पूर्ण लक्ष देणारा कुशल उपचारक, पाण्यातले व्यायाम, आवडीच्या बक्षिसाने मिळणारं प्रोत्साहन, ताणातून थोडे मोकळे झालेले आई-वडील असं उत्तर आलं, तर या चारही गोष्टी पुण्या-मुंबईत, कोल्हापूर-नागपुरातही उभ्या करता येतात. दोन आठवड्यांच्या परदेशवारीच्या पैशांत घराजवळच्या वाचा-उपचारांची आणि व्यवसायोपचारांची कितीतरी सत्रं होतील. आणि डॉल्फिन वजा केल्यावर काहीच उरत नाही असं उत्तर आलं, तर तिथे मुलासाठीही काही नाही.